वेशीवरचं तोंड

पेठ रोडला गॅरेजांच्या रांगेमागे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे. तिथं कुसाबाईचं घर विचारलं, तर लोक हसून सांगतात, "ती पांढरी भुतीण ना? सरळ जा, उंबऱ्यावर पीठ सांडलेलं दिसेल." पीठ नसतं ते, पीओपी असतं. कुसाबाईच्या पापण्यांवर, केसांत, टाचांच्या भेगांत ते जाऊन बसलेलं आहे, आणि कितीही अंग घासलं तरी लग्नाकार्यात तिच्या ठेवणीतल्या लुगड्यावर एखादा पांढरा डाग निघतोच. शेजारणींना तिचा धंदा अजून उमगलेला नाही. ती भिंती करते, पण त्या वीतभरही उंच नसतात. खेळणी म्हणावीत, तर लेकरांच्या हाताला लागू देत नाही. "भुतांची घरं बांधती," असं म्हणून शेजारणी मोकळ्या होतात.

खेळणीच आहेत ती, पण मोठ्या माणसांची. चांगले शिकलेसवरलेले, नोकरीधंद्याचे लोक सुट्टीच्या दिवशी मेजाभोवती बसतात, बोटाएवढ्या शिपायांच्या बाहुल्या काढतात आणि लढाया खेळतात. त्या बाहुल्यांना फिरायला भिंती लागतात, जिने, दारं, भुयारं लागतात. आज किल्ला मांडला, उद्या तेच तुकडे मोडून तळघर मांडलं. यातली मेख एवढीच, की कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याशेजारी चपखल बसला पाहिजे. केसभर कमी-जास्त झालं, की दहा तुकड्यांनंतर बोट जाईल एवढी फट पडते आणि सगळा किल्ला वाकडा दिसतो.

हा धंदा कुसाबाईनं काढला नाही. तो तिच्या नवऱ्याचा, पुंजाचा.

पुंजा पेठच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. पावसाळ्यात भात आणि नागली, उघडीप झाली की नाशिकची मजुरी, हा तिकडच्या सगळ्यांचाच शिरस्ता. बाकीचे द्राक्षाच्या बागांत गेले, काही वाळू-सिमेंट कालवत राहिले. पुंजा फ्लॅटांची छतं सजवणाऱ्या एका ठेकेदाराच्या हाती लागला आणि पीओपीत रमला. त्याचा बाप बोहाड्याची सोंगं करायचा. बोहाड्यात गावाकडे देवादिकांची आणि राक्षसांची लाकडी तोंडं लावून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. म्हातारा त्यातली दातवाली, गाल फुगवलेली तोंडं अशी कोरायचा, की दिवसाउजेडीसुद्धा पोरं त्याच्या पडवीवरून जाताना पळत जायची. म्हाताऱ्याचा हात पुंजाच्या हातात उतरला होता. पण छताच्या कोपऱ्यात गुलाबाची फुलं चिकटवण्यापलीकडे त्या हाताला काम नव्हतं.

मग गंगापूर रोडला सुयश नावाच्या एका तरुणाच्या फ्लॅटचं छत करायला तो गेला. सुयश कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि उरलेला वेळ या खेळात घालवायचा. पुंजाला मोकळ्या हातानं फूल कोरताना त्यानं पाहिलं आणि मोबाइलवर कुठल्याशा परदेशी किल्ल्याचा फोटो पुढे केला. "काका, हे एवढंसं करता येईल?"

पुंजानं फोटो पाहिला. "छताला लावायचं?"

"नाही, मेजावर मांडायचं."

"मग जेवायचं कुठं?" पुंजा म्हणाला. पण फोटो त्यानं नीट बघून घेतला होता.

पुढे छताचं काम सुटलं आणि घरात हेच सुरू झालं. पीओपीची वडी पाडायची, घासून धार लावलेल्या ब्लेडनं आणि छत्रीच्या काडीनं ती कोरायची, वर पॉलिशचे हात द्यायचे. मग तिच्यावर रबर ओतून साचा काढायचा आणि साच्यातून तुकडे पाडत राहायचे. कोरलेल्या मूळ तुकड्याला पुंजा 'आई' म्हणायचा आणि साच्यातून पडणाऱ्यांना 'पिलं'. रबर काही जन्माला पुरत नाही. पिलं ओढून काढता काढता साचा फाटतो. तो फाटला, की पत्र्याच्या पेटीतून आई काढायची, नवा साचा करायचा आणि आईला पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचं.

पुंजाच्या सगळ्या कामात एक वेस होती. दोन खांब, एक पायरी आणि वर कमान, असे चार तुकडे. कमानीवर त्यानं तोंड कोरलं होतं. सुयशनं दाखवलेल्या फोटोत कुठलासा परदेशी राक्षस होता. पुंजानं त्याच्याकडे कानाडोळा केला आणि बापाच्या सोंगातलं तोंड काढलं. फुगलेले गाल, वर चढलेल्या भिवया, आणि गालावर उठलेल्या सुरकुत्या केसासारख्या बारीक. सुयशच्या मित्रांना इतर काही नको झालं, सगळ्यांना तीच वेस हवी. पुणे, बंगळुरू, कुठं कुठं सुयशच्या हातून पार्सलं जायला लागली.

म्हणून पुंजा सुधारला असं समजू नका. माणूस खाष्टच होता. तुकड्यात बुडबुड्याची एवढीशी भोकं दिसली, की तो दाराबाहेर भिरकावायचा. कुसाबाईला म्हणायचा, "तुला भाकरी गोल जमत नाय अजून, तू नको हात लावू." ती म्हणायची, "चौकोनी देते उद्यापासून, तुझ्या भिंतीला जोड." आणि दोघं हसायची. पोरगी संजना लग्न होऊन दिंडोरीला गेल्यावर घरात ती दोघंच होती, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

गेल्या शिमग्याच्या आधी पोतं उचलताना पुंजा खाली बसला तो उठलाच नाही. दवाखान्यातून घरी आला, पण अर्धाच. उजवा हात लुळा, उजवा गाल खाली ओघळलेला. शब्दांपैकी 'हां', 'नाय', 'आण', 'पुरे' असे चार-सहा उरले, बाकी सगळे त्या पोत्याखाली गेले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू फरक पडेल. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुसाबाईनं विचारलं नाही.

घमेलं तिनं हातात घेतलं. हौस म्हणून नव्हे, दुसरं येत काय होतं? बघून बघून ती बरंच शिकली होती. आधी पाणी, मग त्यावर पीओपी भुरभुरायचं, ते आपणहून बुडू द्यायचं, मगच ढवळायचं. साचा भरला की खालून टिचक्या मारायच्या, म्हणजे हवा वर येते. पुंजा खाटेवरून बघायचा. चुकलं की घशातून आवाज काढायचा, आणि तो आवाज ऐकूनच ती सुधारायची. अशा रीतीनं पिलं पडत राहिली. कोरणं मात्र थांबलं. पेटीत होत्या तेवढ्याच आया, आता नवी होणार नव्हती.

पावसाळ्यात सुयशचं मोठं काम आलं. त्याच्या मित्रमंडळींचा खेळाचा मेळावा होता आणि त्यात मधोमध मोठा किल्ला मांडायचा होता. भिंती झाल्या, जिने झाले, आणि वेशीचा साचा कुसाबाईच्या हातात कमानीपासून खालपर्यंत फाटला. रबर शिल्लक नव्हतं. सुयश दुपारी न्यायला येणार होता आणि पुंजाला डुलकी लागली होती.

इथं कुसाबाईनं जे केलं ते वाईट मनानं केलं नाही, आणि बेअकलीनंही नाही. गावाकडे बियाणं असंच सांभाळतात. जुनं बी कोठीत धरून बसत नाहीत. नव्या पिकातलं टपोरं, भरलेलं बी निवडायचं, राखेत घालून ठेवायचं आणि जुनं काढून टाकायचं. जुन्या बियाण्याच्या मायेत पडला त्याचं वावर पडीक राहिलं, हे तिनं बापाच्या घरीच बघितलं होतं. तिनं आदल्या खेपेची चार पिलं निवडली. भोक नाही, कोपरा उडालेला नाही, पांढरीशुभ्र. ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि पिवळट पडलेल्या चार आया सुयशच्या खोक्यात घातल्या. शिवाय मोठ्या कामाला चांगलं जुनं दिल्याचं समाधान. देताना डावं देऊ नये, असं तिची आई सांगायची. सुयश खोकं घेऊन गेला आणि कुसाबाईनं चहा टाकला.

तिची चूक कळली ती दिवाळीच्या सुमारास. नवं रबर आलं, पेटीतल्या पिलांवर साचा ओतला, वेशी पडू लागल्या. पुण्याचं पार्सल परत आलं. सुयशनं फोनवर जरा चाचरतच सांगितलं, "मावशी, वेस बसत नाहीये हो. भिंतीत ठेवली की डुगडुगते."

कुसाबाईनं जमिनीवर पाट मांडला, त्यावर जुन्या भिंती लावल्या आणि मधे नवी वेस ठेवली. दोन्ही बाजूंनी फट. पुन्हा मांडली, पुन्हा फट. रबर वाळताना केसभर आवळतं. आईवरून काढलेलं पिलू आईपेक्षा केसभर लहान असतं, आणि पिलावरून काढलेलं त्याहून लहान. भाताला हे होत नाही. भाताचा दाणा दर वर्षी तेवढाच उगवतो.

पुंजा खाटेवरून बघत होता. त्यानं डावा हात पुढे केला. तिनं वेस त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं अंगठा तोंडावरून फिरवला, गालावर थांबला, आणि पेटीकडे बोट केलं.

"आण."

तिनं पेटीतलं फडकं आणलं. पुंजानं ते डाव्या हातानं सोडवलं, आतला तुकडा बघितला, उलटा केला, पुन्हा बघितला.

"आई?" तो म्हणाला.

खोटं बोलायला तिला वेळ होता. आतल्या खोलीत असेल, संजीनं नेली असेल, काहीही सांगता आलं असतं. "दिली," ती म्हणाली. "सुयशला दिली. मला वाटलं, नव्याचं बी धरावं. बियाण्यावानी. मला काय ठावं, संजीच्या बा!"

पुंजा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळची भाकरी तशीच राहिली. आपण त्याचा दुसरा हातही मोडला, असं तिला वाटलं, आणि ते खोटं म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गंगापूर रोडला गेली. सुयशनं दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. मुलगा भला होता, उगाच नावं ठेवायला जागा नाही. त्याच्या मेजावर एक नवीन यंत्र होतं, आणि त्यात प्लास्टिकच्या थरावर थर चढून एक बुरूज आपोआप वर उठत होता. "हल्ली मी बरंचसं यावरच काढतो," तो संकोचून म्हणाला. "पण वेस तुमचीच लागते सगळ्यांना."

तिनं आल्याचं कारण सांगितलं. सुयशचा चेहरा उतरला. त्यानं आतून एक मोठा पाट आणला. त्यावर तो मेळाव्यातला किल्ला होता, पण आता त्याचे तुकडे राहिले नव्हते. सगळा एकसंध चिकटवलेला, करडा, हिरवा, शेवाळल्यासारखा रंगवलेला. मधोमध वेस. तोंडावर काळा रंग, दातांवर पिवळा, डोळ्यांत तांबडा.

"मावशी, मला वाटलं नेहमीचेच तुकडे आहेत. म्हणून पक्के चिकटवले."

"नेऊ का हे?" तिनं विचारलं.

एवढ्या मेहनतीनं रंगवलेला पाट देताना त्याच्या जिवावर आलं, हे तिला दिसलं. तरी तो म्हणाला, "न्या. काकांचंच आहे." आणि रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणला.

घरी पाट खाटेसमोर ठेवला तेव्हा पुंजा उठून बसला. इतकी वर्षं तुकडे पाडले, पण ते मांडून, रंगवून कसे दिसतात हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो भिंतीकडून जिन्याकडे, जिन्याकडून वेशीकडे नजर फिरवत राहिला. कुसाबाई हातात पटाशी घेऊन उभी होती. वेस काढायची तर किल्ला फोडावा लागणार होता. तिला वाटलं, हा आता 'नाय' म्हणेल. म्हणावं, असंही तिला वाटलं.

"फोड," पुंजा म्हणाला.

हा शब्द आजारानंतर त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता आणि स्वच्छ आला होता. तिनं पटाशी लावली. भिंती फुटल्या, जिने फुटले. डावा खांब निघताना दोन जागी मोडला. उजव्याचा भुगा झाला. पायरी चिरली. कमान तेवढी शेजारच्या भिंतींच्या ढलप्यांसकट उचकटून आली, आणि तोंड शाबूत होतं. कुसाबाईनं ते कपाळाला लावलं.

मोडलेले तुकडे तिनं सांधले. दोन्ही खांब सारखेच, म्हणून भुगा झालेला उजवाही डाव्याच्याच साच्यातून पाडायचा ठरवला. कमानीवरचा रंग थिनरनं धुतला, जुन्या ब्रशनं घासला. वरवरचा गेला. पण गालांवरच्या ज्या बारीक सुरकुत्या होत्या, त्यांत रंग जाऊन बसला होता, आणि सुईनं उकरायला गेलं की सुरकुतीच उडत होती. पुंजानं तिचा हात धरून थांबवला. "पुरे."

तिनं साचा ओतला. रबर सुटलं, पहिली वेस पडली. पाटावर मांडली तर दोन्ही भिंतींना नखसुद्धा शिरेना, इतकी नेटकी बसली. सुरकुत्या बुजून तोंड मात्र आंधळं झालं होतं. गाल होते, दात होते, पण राक्षस कोणावर रागावलाय ते कळत नव्हतं. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा तो नुसता समोर बघत होता.

पुंजानं तो ओला तुकडा मांडीवर घेतला. पीओपी पुरतं वाळलं नव्हतं, अजून कोरता येण्याजोगं होतं. त्यानं छत्रीची काडी मागितली आणि डाव्या हातात धरली. कुसाबाई तुकडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. पहिली रेघ गालावरून निघाली ती डोळ्यात गेली. त्यानं श्वास घेतला, काडी पुन्हा टेकवली. दुसरी रेघ नाकावरून घसरली. तिसऱ्यांदा काडी तुकड्यावर नाही, कुसाबाईच्या बोटावर लागली. ती "काय नाय, काय नाय, कर तू," म्हणत राहिली. पुंजानं काडी ठेवून दिली. तिच्या बोटावरचं रक्त त्यानं अंगठ्यानं पुसलं आणि तुकडा जमिनीवर सोडला. तो फुटला.

धंदा बंद करावा असं तिच्या मनात आलं. पण औषधं होती, खोलीचं भाडं होतं, आणि बसत असलेली वेस हातात होती. तिनं त्या आंधळ्या तोंडाच्या वेशी पाडल्या आणि पाठवून दिल्या. सुयशलाही एक दिली. मनातून ती वाट बघत होती, की कोणीतरी विचारेल, मावशी, तोंडाला काय झालं? म्हणजे तिला सांगता आलं असतं, की ते असं नव्हतं, ते कसं होतं. आणि कोणीतरी विचारलंय, हे पुंजालाही कळलं असतं.

सुयशचा फोन आला तेव्हा ती साचे मांडून कालवत बसली होती. हात भरलेले म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला.

"मावशी, एकदम फिट बसतीये!" सुयश आनंदानं सांगत होता. "पुण्याहून पण सगळ्यांचे मेसेज आले. अगदी पहिल्यासारखीच. फरक ओळखूच येत नाही. काकांना सांगा, आणि या खेपेला दुप्पट करा."

"हां, करते," कुसाबाई म्हणाली.

फोन बंद झाला. पुंजाकडे बघायची तिची छाती होईना, तरी तिनं बघितलं. त्याचा डावा गाल वर चढला होता. उजवा तसाच, ओघळलेला. तो हसतोय की रडतोय, इतकी वर्षं संसार करून तिला ओळखता आलं नाही. मग त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ओळखायचं काही राहिलं नाही.

तिलाही भडभडून आलं. उठावं, त्याच्याजवळ जाऊन बसावं, त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असं वाटलं. पण कालवलेलं पीओपी घमेल्यात घट्ट व्हायला लागलं होतं. बाहीनं डोळे पुसून तिनं घमेलं कलतं केलं आणि साचे भरायला घेतले.